नमुना क्रमांक सतरा

बाबल परब सकाळच्या गाडीने पुण्यात उतरले आणि सरळ माझ्या घरी आले. हातातल्या कापडी पिशवीत कोकमं आणि दोन सोललेले नारळ होते. बाबा गेल्याला तीन महिने झाले होते. गावाकडचं कोणी दारात आलं की भेटायलाच आलं असणार असं मी धरून चालले होते. चहा होईपर्यंत त्यांनी बाबांचा विषय काढलाही. शेवटचे दिवस कसे गेले, कोणकोण येऊन गेलं, देवळात आता चुलतभाऊ पूजा करतो पण त्याचा आवाज कसा पोचत नाही, हे सगळं सांगून झालं. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

पक्षाच्या छाननी समितीचं पत्र होतं. बाबलकाकांचं कागदावरचं नाव, अनंत शिवराम परब. वय अठ्ठावन्न. श्रद्धांक ३.२. किमान पात्रता ५.०. उमेदवारीसाठी विचार करता येत नाही.

"ह्या तुझ्या मशीनचा काम ना?" त्यांनी विचारलं.

"माझ्या एकटीच्या नाही, काका."

"पण तुझ्या."

"हो."

"मगे सांग. तिकिटाचा माका काय नाय. तीनदा मिळाला, दोनदा निवडून इलंय, पुष्कळ झाला. पण गो हर्षू, चाळीस वर्सां रवळनाथाची पालखी घेतंय मी. ह्यो बघ." त्यांनी सदऱ्याची कॉलर बाजूला ओढली. खांद्यावर रुपयाएवढा घट्टा होता. "देवाच्या पाया पडल्याशिवाय एक दिवस चाय घेवक नाय. तेचे तीन पॉइंट दोन. आणि तो नाईकांचो संदीप, देवाचा रान तोडून थय रिसॉर्ट बांधल्यान, तेका सात पॉइंट आठ."

"संदीपचा भाऊ गेल्या वर्षी गेला ना?"

"अपघातात. जुळो भाव तो. पण तेचो हय काय संबंध?"

मला उत्तर पाच आठवड्यांपासून माहीत होतं.

"मशीन खोटा बोलता काय मी खोटो, तेवढाच माका सांग," काका म्हणाले. "मी तसोच रातच्या गाडीन परत जातंय."

ते यंत्र श्रद्धा मोजण्यासाठी बनलेलं नव्हतं. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा विजेचा अगदी क्षीण प्रवाह वाहतो आणि प्रवाह म्हटला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा अब्जावधी पटींनी दुबळं असतं. पूर्वी ते टिपायला द्रवरूप हेलियमने गार केलेलं, खोलीभर पसरलेलं उपकरण लागायचं. आमच्या पिढीत हे काम काडेपेटीएवढ्या काचेच्या कुपीत बसवलेल्या वायूवर होऊ लागलं. अशा नव्वद कुप्या शिवलेली टोपी डोक्यावर घातली की माणूस चालता बोलताही त्याच्या मेंदूचा आलेख मिळतो. अंथरुणाला खिळलेले, हाक मारली तर ओ न देणारे जे रुग्ण असतात, ते आतल्या आत कोणाशी बोलत असतात का हे आम्हाला शोधायचं होतं.

स्वतःशी बोलणं आणि दुसऱ्याशी बोलणं यांत मेंदू फरक करतो. दुसऱ्याशी बोलताना त्या दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणारा भाग जागा होतो. तो दुसरा समोर नसेल तर डोळ्यांचा आणि कानांचा भाग शांत असतो, पण उत्तराची वाट पाहणारा भाग मात्र चालूच राहतो. हा आकृतिबंध फार ओळखण्यासारखा असतो. तो निरोगी माणसांत सहजी कुठे सापडेल, असा प्रश्न आला तेव्हा मीच म्हटलं होतं की प्रार्थनेत. देव समोर दिसत नाही आणि प्रार्थना करणारा उत्तर येणार असं धरून चालतो.

एकसष्ट लोकांच्या नोंदी घेतल्या. नाशिकचे कीर्तनकार, मिरजेच्या मशिदीत अजान देणारे बांगी, वसईच्या चर्चमधली एक जोगीण, पुण्यातले संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक. सतरावी नोंद माझ्या वडिलांची.

बाबा, म्हणजे गावाचे वासूदा, वाघेरखोलच्या रवळनाथाचे गुरव होते. गावाचं काहीही ठरवायचं तर देवाला कौल लावायची आमच्याकडे रीत आहे. लोक जमतात. गुरव सगळ्यांच्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, प्रत्येक वाक्याला लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळे वाट पाहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या चिकटवताना गुरव देवाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटतो. तो त्याचा मंत्र. तो कोणी विचारायचा नसतो आणि गुरवाने सांगायचा नसतो.

मी टोपी घेऊन गेले त्या दिवशी बाबल परबांनी जिल्हा परिषदेला पक्षातर्फे उभं राहावं की नाही, याचा कौल होता. आधी पक्षाचे लोक गावात आले होते. देवाचा होकार असेल तर गाव एकमुखाने मतं देतं, हे त्यांना ठाऊक होतं. बाबांनी टोपीला हरकत घेतली नाही. "देवाक काय, टोपी घातलेली चलता. चपला नको," एवढंच ते म्हणाले. उजवी पाकळी पडली. बाबलकाका उभे राहिले आणि निवडून आले.

प्रयोगशाळेत आलेख उघडले तेव्हा सतरावा सगळ्यांत स्वच्छ निघाला. गुरवाला देवासमोर मान न हलवता उभं राहायची सवय असते, त्यामुळे त्यात स्नायूंची खरखर नव्हती. त्यातला अठ्ठेचाळीस सेकंदांचा एक तुकडा तर इतका ठळक होता की आम्ही तोच मूळ नमुना धरला. त्याला दहा गुण दिले आणि बाकी साठ जणांना त्याच्याशी जुळवून गुण दिले. तो तुकडा पाकळ्या लावतानाचा होता, म्हणजे मंत्राचा. त्यावर 'श्रद्धा, कमाल' ही चिठ्ठी मी लावली. त्या दिवशीचा आवाज माझ्या फोनमध्ये वेगळा होता. तो मी ऐकला नाही. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते आणि त्या घरातला कुठलाच आवाज मला ऐकायचा नव्हता. शिवाय आकडे हातात होते. आकडे असले की ऐकायची गरज नाही असं त्या वयात वाटतं.

रुग्णांसाठीचं काम पैशाअभावी मागे पडलं आणि टोपी राजकारणात गेली. यात कोणाचा कट नव्हता. निवडणुकीतली श्रद्धा तोवर डोळ्यांनी मोजली जात होती. कोणाच्या कपाळावर किती मोठा टिळा, कोण कुठल्या उत्सवाला अनवाणी चालला, कोणी दर्ग्यावर किती लांब चादर नेली. हे सगळ्यांना जमतं, म्हणूनच त्याची किंमत उतरली होती. पक्षाच्या अध्यक्षांना खोटे भक्त गाळणारी चाळणी हवी होती आणि ती आमच्या कपाटात धूळ खात होती. विरोधी पक्ष आधी न्यायालयात गेला. तीन महिन्यांनी त्यांनीच पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की आमच्या उमेदवारांची सरासरी सहा पूर्णांक चार आहे, तुमची जाहीर करा. यंत्राला कुठला देव हे कळत नाही, ही गोष्ट दोघांनाही अडचणीची होती, म्हणून दोघांनीही ती कधी बोलून दाखवली नाही.

बाबलकाकांची चाचणी उन्हाळ्यात झाली होती. पत्र यायला चार महिने लागले. त्या मधल्या काळात बाबा गेले.

"काका," मी विचारलं, "तुमच्या घरात सध्या कोणकोण आहे?"

ते गोंधळले. "आये. ब्याण्णवची. अजून अंगण झाडता, आयकत नाय कोणाचा. चार भाव, चौघांच्यो बायलो, माझी बायल. पोरां मोजूची काय?"

"आणि वडील?"

"बापूस मी पोटात असतानाच गेलो. तेका मी बघूक नाय."

"म्हणजे तुम्ही ज्याला ओळखत होता, ज्याच्यावर जीव होता, असं तुमच्या घरातलं कोणीच गेलेलं नाही."

त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाले, "एक बैल गेलो. पण तुझ्या मशीनीत तो धरूचो काय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. टोपी देवाला ओळखत नाही. समोर नसलेल्या एखाद्याशी माणूस किती ओढीने बोलतोय, एवढंच तिला कळतं. ज्याचं कोणी गेलंय त्याला हे बोलणं शिकवावं लागत नाही. संदीप नाईक टोपी घालून डोळे मिटतो तेव्हा त्याला जुळा भाऊ दिसत असणार. तुमचं घर भरलेलं आहे. तुम्हाला कोणाशी बोलायचं असेल तर तुम्ही उठून पडवीत जाता आणि बोलता.

"आणि देवाकडे?"

"देवाशी तुम्ही कसं बोलता?"

"बोलूचा काय तेच्यात? तो थय असता, मी हय असतंय. सकाळी जातंय, पाया पडतंय, येतंय. रोज काय सांगूचा तेका."

"म्हणूनच तीन पॉइंट दोन."

ते हसले नाहीत. पण खांदे थोडे सैल झाले. "ह्या तुका कसा समाजला?" त्यांनी विचारलं.

इथे मला थांबता आलं असतं. पण ते नऊ तासांचा प्रवास करून आले होते आणि त्या दिवशीचा कौल त्यांचा होता. मी फोन आणला.

बाबा गेल्यावर मला त्यांचा आवाज हवा होता. घरातल्या माणसाचा आवाज कोणी जपून ठेवत नाही. माझ्याकडे तेवढी एकच नोंद होती. ती दोनदा ऐकल्यावर सवयीने मी शेजारी आलेख उघडला. कौलाच्या सुरुवातीला घंटा वाजते. तिच्या ठोक्याने टोपीतल्या कुप्या थरथरतात आणि आलेखात एक टोक उमटतं. ते टोक आणि आवाजातली घंटा जुळवली की पुढचं सगळं जुळतं. ही पाच मिनिटांची गोष्ट चौदा वर्षांपूर्वी करायची होती.

मी काकांना ऐकवलं. गाऱ्हाणं सुरू झालं. बा देवा रवळनाथा म्हाराजा, बारा पाचाच्या वहिवाटीन ही गर्दी तुझ्या पायाकडे इली हा. लोकांचा आवाज. व्हय म्हाराजा. ह्यो अनंत शिवराम परब. त्यात काकांचा स्वतःचा, चौदा वर्षं तरुण आवाजही होता. इथवर आलेख चारच्या आसपास होता. मग गाऱ्हाणं संपलं, लोक गप्प झाले, आणि कपड्याची सळसळ झाली. फोन बाबांच्या कमरेला बांधलेला होता, म्हणून तो मंत्र त्यात उतरला होता.

"शालन," बाबा हळू आवाजात म्हणत होते, "चेडू इला हा. पुण्याची टोपी घातल्यान माझ्या डोक्यार. हसां नको. बारीक झाला हा गो. जेवता काय नाय, कोण जाणे. तू असतंस तर इचारलं असतंस. माझ्याकडे बोलणा नाय ता. मशीनीचाच सांगता."

शालन माझी आई. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. अठ्ठेचाळीस सेकंद. राज्यातल्या प्रत्येक उमेदवाराची भक्ती ज्याच्याशी ताडून पाहिली जाते तो मूळ नमुना हा.

बाबलकाकांनी फोनकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "म्हणजे माझो कौल लागत होतो तेव्हा वासूदा..."

"हो."

"आमी चाळीस वर्सां म्हणत होतो, गुरव देवाच्या कानात काय सांगता तो." ते थांबले. "वयनी गेली त्याच्या आधी काय सांगत असतलो?"

"माहीत नाही. ती एकच नोंद आहे."

"पाकळी पण उजवीच पडली ना?"

"काका, पाकळी सुकली की पडते. बाबांनीच मला लहानपणी सांगितलं होतं."

"ता सगळ्यांका म्हायत हा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात लहान मुलाला समजावतानाचा धीर होता. "सुकली काय पडतली. पण खयची आधी सुकतली, ता कोण ठरयता?" मग थोड्या वेळाने, "वासूदान वयनीक इचारल्यान असतला. ती म्हणाली असतली, पडांदे उजवी, बाबल्याक उभो ऱ्हवांदे. तिचो जीव होतो माझ्यार."

हे तीन पूर्णांक दोन. मी कागदाची घडी करून त्यांना परत दिली.

पुढच्या आठवड्यात मुंबईत विधिमंडळाच्या समितीसमोर मला बोलावलेलं होतं. मतदान यंत्रावर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे श्रद्धांक छापायचा, असं विधेयक येणार होतं. त्याआधी मूळ नमुना निर्दोष असल्याच्या प्रमाणपत्रावर माझी सही हवी होती. मी काकांना ते सांगितलं आणि नोंद तिथे ऐकवणार असल्याचंही सांगितलं. दुसरा पुरावा माझ्याजवळ नव्हता.

"तां नको करू," ते म्हणाले.

"मग तुमचा आकडा तसाच राहील."

"ऱ्हवांदे. घोवा-बायलेचा बोलणा ता. पक्षाचा थय काय काम?" दारात चप्पल घालताना ते वळले. "आणि माका सांग, आता टोपी घातली तर माझो आकडो वाढतलो काय? वासूदा गेलो, म्हणान इचारतंय."

"थोडा वाढेल."

"मगे माका नको तो आकडो," असं म्हणून ते जिना उतरले.

समितीची बैठक वातानुकूलित दालनात होती. अध्यक्ष होत्या आमदार वृंदा ठोंबरे. हुशार बाई. आमचे शोधनिबंध त्यांनी वाचलेले दिसत होते आणि त्या मध्येच कोणाला बोलू देत नव्हत्या. श्रद्धांक श्रद्धा मोजत नाही, समोर नसलेल्या माणसाची ओढ मोजतो, असं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "याला पुरावा काय?"

फोन माझ्या पिशवीत होता. तो मी बाहेर काढला नाही.

"मी आहे," मी म्हटलं. "मी देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासून नाही. हे मी पूर्वी लिहिलेलं आहे, तुम्हाला पाहता येईल. माझी चाचणी घ्या."

तंत्रज्ञ माझ्याच हाताखाली शिकलेला होता. त्याने माझ्या डोक्यावर टोपी बसवली आणि पट्टे आवळले. चौदा वर्षांत हजारो डोक्यांवर मी ती चढवली होती, स्वतः कधी घातली नव्हती. मागच्या बाजूला, मानेच्या वर, एक कुपी टोचते. मी डोळे मिटले. मला काही ठरवावं लागलं नाही. बाबा, मी म्हटलं, ही मागे टोचते. तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत. दीड तास तसेच उभे राहिलात. मग मी त्यांना सांगितलं की हल्ली मी जेवते.

पडद्यावर आकडा आला. ९.१.

मला वाटलं की झालं. मांडणी स्वच्छ होती. देव न मानणाऱ्या बाईला नऊ पूर्णांक एक मिळत असतील तर यंत्र देव मोजत नाही. शाळेतल्या मुलालाही हे समजावं.

ठोंबरेबाई हसल्या. त्या हसण्यात खोटं काही नव्हतं. "ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही मानत नाही असं म्हणता. पण तुमच्या मेंदूला ठाऊक आहे. यंत्राचा याहून मोठा विजय कोणता?"

"मी माझ्या वडिलांशी बोलत होते. ते तीन महिन्यांपूर्वी गेले."

"मग? पितर देवच असतात आपल्याकडे."

विरोधी पक्षाचे एक ज्येष्ठ सदस्य बाजूला बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "बाई, नऊ पॉइंट एक आमच्याकडे जिल्ह्यात कोणाला नाही. गाव कुठलं तुमचं? राखीव आहे का खुलं?"

सगळे हसले. ठोंबरेबाईंनी त्यांना दटावलं, "दादा, त्या आमच्या साक्षीदार आहेत. पहिला हक्क आमचा." मग पुन्हा हशा झाला. इतिवृत्तात नोंद झाली की मूळ संशोधिकेच्या प्रत्यक्ष चाचणीने यंत्राची अचूकता सिद्ध झाली. मी सही केली नाही. सही दुसऱ्या कोणी तरी केली.

परतीच्या वाटेवर मी विचार केला की फोन बाहेर काढला असता तर काय झालं असतं. तेव्हाही त्या हेच म्हणाल्या असत्या. पत्नीही देवी असते आपल्याकडे. फक्त आईचं नाव इतिवृत्तात गेलं असतं.

निवडणूक फेब्रुवारीत झाली. बाबलकाका अपक्ष उभे राहिले. माझं नाव अजून वाघेरखोलच्याच यादीत आहे. मतदान आमच्या जुन्या शाळेत होतं. रांगेच्या पुढे काकांच्या आईला खुर्चीतून उचलून आणलेलं होतं. म्हातारीने माझा हात धरून ठेवला. "वासूचा चेडू ना गो तू? बाबल्याक किती मार्क पडले ते लिवलेले हत म्हणतत आत. माका दिसणा नाय. किती?"

"तीन पॉइंट दोन, आजी."

"दहातसून?"

"दहातून."

"शाळेत पण असोच होतो," ती म्हणाली. "ह्याच वर्गात. मास्तर म्हणायचे, पोरगो चांगलो हा, पेपरात काय येणा नाय."

आत यंत्रावर चार नावं होती. संदीप नाईक, ७.८. मग दोन नावं जी मला माहीत नव्हती, ५.६ आणि ६.०. सर्वांत खाली अनंत शिवराम परब, ३.२. मी शेवटचं बटण दाबलं. काका चारशे अकरा मतांनी पडले. वाघेरखोलात त्यांना आघाडी होती. त्या मतदानाच्या आधी गावाने कौल लावला नव्हता. लावू नये असं काकांनीच सांगितलं होतं.

त्याला आता पाच वर्षं झाली. या काळात पक्षांना यंत्र माझ्यापेक्षा चांगलं कळलं. दोन निवडणुकांत त्यांच्या लक्षात आलं की कोणाचे आकडे वाढतात आणि कधी. सहानुभूतीच्या लाटेवर माणसं पूर्वीही निवडून यायची, पण आता लाटेची उंची मोजता येते. प्रत्येक पक्षाच्या जिल्हा कार्यालयात एक माणूस सकाळी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचतो. तेराव्याला फुलांच्या चक्रासोबत टोपीची पेटी येते. वर्षभरात आकडा उतरू लागतो, म्हणून घाई असते. ज्यांच्या घरात कोणी गेलेलं नाही अशी माणसं राजकारणात हळूहळू कमी झाली आहेत. याचा राज्यकारभारावर काय परिणाम होतो, यावर एकजण सध्या प्रबंध लिहीत आहे.

गेल्या महिन्यात काकांची आई गेली. सत्त्याण्णव वर्षांची होती. सकाळी अंगण झाडलं, खराटा भिंतीला टेकवला आणि पडवीत बसली ती बसलीच. मी बाराव्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला परतले. त्याच दुपारी काकांचा फोन आला.

"पक्षाचे इल्ले," ते म्हणाले. "पेटी घेवन. म्हणाले, परबानू, तिकीट राखून ठेवला हा, फक्त टोपी घाला. आता तुमचो आकडो बसतलो."

"मग?"

"तेंका चाय दिलंय. पेटी उघडूक दिलंय नाय." मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी नळ बंद करायला सांगत होतं. भरलेलं घर होतं. "वासूदाची ती टेप कोणाक दिलंस नाय मां?"

"नाही."

"बरा केलंस."

त्यांनी फोन ठेवला असं मला वाटलं. पण ते तिथेच होते.

"हर्षू," ते म्हणाले, "टोपी घातली असती तर तुझा मशीन फुटला असता."